हँडब्रेक वर राहिला आणि गाडी वळसंगपर्यंत गेली, आता अण्णांना सांगायचं का?

पत्र असं आलंय:

ताई नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते. मिस्टर पुण्याला नोकरीला आहेत, महिन्यातून एकदोनदा येतात. घरी सासू सासरे आणि माझी दोन मुलं. ड्रायव्हिंग क्लास लावून लायसन काढलंय पण गाडी सासऱ्यांची आहे, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, आणि ते लवकर कुणाला हात लावू देत नाहीत. गाडी कव्हर घालूनच उभी असते, कुठं लग्नकार्य नाहीतर देवाला जायचं असलं की निघते. मागच्या गुरुवारी माझ्या आईला अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला न्यायचं होतं तर अण्णा स्वतःहून म्हणाले, जा घेऊन, हात बसल्याशिवाय येणार कशी. मला इतका आनंद झाला. निघाल्यापासून गाडी जड वाटत होती पण मला वाटलं क्लासची गाडी लहान होती, ही मोठी आहे, अशीच असेल. कुंभारी गेल्यावर जळका वास यायला लागला, मला वाटलं बाहेरून कुणी काही जाळायलंय. वळसंगच्या अलीकडे आईच म्हणाली अगं मागनं धूर दिसायलाय बघ. थांबवली तर मागच्या चाकांतून धूर आणि हँडब्रेक अर्धा वरच. एक पोरगं बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला निघालं, टपरीवरच्या काकांनी त्याला ओरडून थांबवलं. तासभर तिथेच बसलो, मग हळूहळू गेलो, दर्शन घेतलं, परत आलो. गाडी व्यवस्थित आली पण येताना ब्रेक थोडा खाली जातोय असं वाटलं, का माझ्या मनाचेच खेळ माहीत नाही. घरी कुणालाच बोलले नाही, आईलाही शपथ घातली. आता अण्णा पुढच्या रविवारी सगळ्यांना घेऊन तुळजापूरला जायचं म्हणायलेत. गाडीचं काही बिघडलं असेल का? अण्णांना सांगू का नको? खरं सांगायचं तर परत स्टिअरिंगला हात लावायचीच भीती बसलीय.

अगं, आधी शांतपणे वाच आणि वाचून झालं की हे उद्यावर टाकू नको. अण्णांना सांग, आजच सांग, तुळजापूरच्या आधी सांग. गाडी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय ती गेटच्या बाहेर काढायची नाही, तूही नाही आणि अण्णांनीही नाही. आणि गाडी चालवणं सोडायचं नाही. हे तिन्ही मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, प्रत्येकाला कारण आहे.

तुझ्या पत्रात तू गाडीच्या जडपणाबद्दल चार ओळी लिहिल्यास, वासाबद्दल लिहिलंस, आणि जी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे ती शेवटी, मनाचे खेळ म्हणून उरकून टाकलीस. ब्रेक खाली जात होता म्हणतेस ना, ते मनाचे खेळ म्हणून सोडायचं नाही. पायाला रोज जेवढ्यावर ब्रेक लागतो त्याच्यापेक्षा खाली जाऊन लागला तर काहीतरी बदललंय, आणि तेही मागची चाकं धूर येईपर्यंत तापल्यानंतर बदललंय. कदाचित फार काही नसेलही, पण ते उघडून बघितल्याशिवाय कळणार नाही आणि सोलापूर ते तुळजापूर म्हणजे शेवटी घाट आहे. जाताना चढ, त्याची मला काळजी नाही, येताना भरलेल्या गाडीत तुझी दोन लेकरं, सासू, सासरे आणि सगळा उतार. म्हणून म्हणते आजच.

आता नेमकं काय झालं ते समजून घे, कारण हे कळलं की भीती निम्मी जाते आणि मेकॅनिकसमोर काय बोलायचं तेही कळतं.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना इंजिनची ताकद पुढच्या चाकांना असते आणि हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. म्हणजे हँडब्रेक अर्धा वर असला तरी पुढची दोन चाकं गाडीला ओढत राहतात आणि मागची दोन अडवत राहतात, म्हणून गाडी चालते, नुसती जड चालते. पूर्ण ओढलेला असता तर बहुतेक गेटवरच गाडी बंद पडली असती आणि तुझ्या लक्षात आलं असतं, अर्ध्याचीच खरी पंचाईत आहे. त्यात तू नवीन, गाडी नवीन, तुला या गाडीचा हलकेपणा माहीतच नाही तर जडपणा कळणार कुठून. अण्णा असते तर दहा पावलांवर कळलं असतं कारण त्यांच्या पायाला ती गाडी माहितीये. हे लक्षात ठेव, इथे तुझी अक्कल कमी पडली नाही, ओळख कमी पडली. आणि ओळख चालवूनच होते.

मागच्या चाकात आत एक लोखंडी ड्रम असतो, चाकाबरोबर फिरणारा, आणि त्याच्या आत दोन अर्धगोल ब्रेक शू असतात ज्यांना लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, चिकटवलेलं असतं. पायाने ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलच्या जोरावर ते शू बाहेर सरकून ड्रमला घासतात आणि चाक थांबतं. हँडब्रेकला ऑइलचा काही संबंध नाही, तिथे वायर आहे, तू लिव्हर ओढलीस की वायर ओढली जाते आणि ती तेच शू ड्रमला दाबते. पायाचा ब्रेक दोनचार सेकंद दाबतो आणि सोडतो, मधल्या वेळात ड्रमला वारा लागून तो निवतो. हँडब्रेक वर राहिला की शू ड्रमला सतत घासत राहतात, निवायला वेळच नाही. तुझ्या घरापासून वळसंगच्या अलीकडेपर्यंत हेच चाललं होतं, आणि वरून सोलापूरचं ऊन.

या तापण्याने काय काय होतं? लायनर जळतं, तोच वास. जास्त जळलं की त्याचा पृष्ठभाग कडक आणि चकचकीत होतो, मग ते ड्रमला पकडत नाही, नुसतं घसरतं. ड्रमवर निळसर डाग पडतात, कधी बारीक तडे जातात, कधी ड्रमचा गोलपणा बिघडतो आणि मग ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर लागते. ऑइलच्या जोरावर शू सरकवणारा जो व्हील सिलेंडर चाकात असतो त्याला रबरं असतात, ती तापून कडक झाली की तिथून ऑइल पाझरतं. बेरिंगचं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, पुढं काही दिवसांनी चाकातून घूं घूं आवाज यायला लागतो. प्रत्येक वेळी हे सगळं होतंच असं नाही. कॉलनीतल्या कॉलनीत दोन गल्ल्या हँडब्रेक वर ठेवून कुणी फिरलं तर सहसा काहीच होत नाही, खाली केला की विषय संपला, त्यासाठी गॅरेज गाठायची गरज नाही. पण धूर निघाला म्हणजे तुझं प्रकरण त्यातलं नाही.

आणि ब्रेक ऑइल. याच्याकडे लोक फार कानाडोळा करतात म्हणून जरा सविस्तर सांगते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी हळूहळू ओढून घेतं, आणि जितकं पाणी जास्त तितकं ते कमी तापमानाला उकळतं. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं बघ. डॉट ३ नवीन असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की १४० वरच उकळू शकतं. डॉट ४ चं नवीन २३० आणि पाणी मुरलेलं १५५. जेवढं ऑइल जुनं तेवढा धोका लवकर. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणजे तू पायाने ब्रेक दाबतेस आणि पाय मऊमऊ खाली जात राहतो, गाडी मात्र थांबत नाही. धूर दिसल्यावर तू थांबलीस, आईला खाली उतरवलंस आणि तासभर गाडी निवू दिलीस, हे तू फार मोठं काम केलंस. अजून दोन किलोमीटर, आता आलंच अक्कलकोट, असं म्हणून रेटली असतीस तर काय झालं असतं याचा विचार मला करवत नाही.

टपरीवरच्या त्या काकांना माझ्याकडूनही नमस्कार. ड्रम बिडाचा असतो, इतक्या तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की तो तडकू शकतो, वाकडा होऊ शकतो. पाणी ओतायचं नाही, झाकायचं नाही, वाऱ्यावर सोडून द्यायचं. आणि अजून एक, गाडी तापलेली असताना थांबवली की सवयीने हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या ड्रमवर शू दाबून ठेवले की तिथेच चिकटतात, निवल्यावर सुटत नाहीत. पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, चाकाला दगड लावायचा, बस.

आता मेकॅनिक. गाडी घेऊन गॅरेजला जाऊ नको, मेकॅनिकला घरी बोलाव. आपल्या सोलापुरात ही एक सोय अजून आहे, ओळखीचा माणूस गाडीवर पान्ह्याची पिशवी अडकवून घरी येतो, चाक खोलून बघतो आणि मग सांगतो गॅरेजला न्यायची का नाही. अण्णांचा ठरलेला मेकॅनिक असणारच, त्यालाच बोलाव. आणि त्याला सगळं सांग. नुसतं ब्रेक जरा चेक करा म्हणालीस तर तो पुढच्या चाकाचे पॅड बघेल, ऑइलची लेव्हल बघेल, ठीकाय म्हणून जाईल. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. सरळ म्हण की हँडब्रेक अर्धा वर असताना गाडी वळसंगपर्यंत गेली, मागून धूर निघाला, येताना पेडल खाली जात होतं, मागचे दोन्ही ड्रम उघडून दाखवा. दोन्ही म्हण, एकच उघडून दुसरं पण असंच असेल असं ऐकायचं नाही.

तो ड्रम काढेल तेव्हा तिथे उभी राहा, घरात चहा टाकायला जाऊ नको, चहा सासूबाई टाकतील. ड्रम निघाला की आतून काळी भुकटी पडते, ती तोंडाने फुंकायची नाही, हवा मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसायला सांग, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि नसलं तरी ती भुकटी छातीत जायच्या लायकीची नाहीच. मग लायनर नीट बघ. चांगलं लायनर खरखरीत, मातकट दिसतं. जळलेलं काचेसारखं चमकतं, त्यावर नख ओढलं तरी ओरखडा उठत नाही, कडेला बारीक भेगा असतात, आणि कधी कधी लायनर पत्र्यापासून सुटायला लागलेलं असतं. हे शेवटचं दिसलं तर तिथल्या तिथे बदलायचं, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. बदलायचं झालं की दोन्ही चाकांचं एकदम, एका बाजूचं नवीन आणि एका बाजूचं जुनं ठेवलं तर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढते. व्हील सिलेंडरच्या रबराची कड बोटाने उचलून बघायला सांग, आत ओल दिसली तर तेही बदलायचं. ड्रम आतून हाताने चाचपून बघतात, खाच आहे का, तडा आहे का. आणि ब्रेक ऑइल या वेळी बदलूनच टाक, दिसायला कसंही असलं तरी. तसंही ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि जी गाडी कव्हरखाली उभी असते तिचं ऑइल कुणाच्याच लक्षात नसतं, गाडी फिरली नाही तरी पाणी मुरायचं थांबत नाही. नवीन ऑइल भरताना चारही चाकांजवळच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायला सांग, टायरची नव्हे, पेडल खाली जाण्याचं कारण तिथेही असू शकतं.

एक गोष्ट मला अजून खटकतेय. गाडी महिनोन्महिने उभी असते, अण्णा हँडब्रेक घट्ट ओढून ठेवत असणार, त्या पिढीची सवयच ती. अशा गाडीत हँडब्रेकची वायर आत गंजून जाम होते, शू ड्रमला गंजाने चिकटतात. म्हणजे कधी कधी लिव्हर पूर्ण खाली केली तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही, आणि अशा वेळी डॅशबोर्डवरचा लाल दिवासुद्धा विझलेला असतो, कारण तो दिवा फक्त लिव्हर वर आहे का खाली एवढंच सांगतो, चाकाजवळ काय चाललंय ते त्याला कळत नाही. तुझ्या वेळी लिव्हर अर्धी वर होती हे खरंच, पण वायरही अडकत असेल तर नुसते लायनर बदलून उपयोग नाही, नवीन लायनरही जळतील. म्हणून मेकॅनिकला दोन्ही मागची चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून दाखवायला सांग, हँडब्रेक खाली असताना चाक मोकळं फिरलं पाहिजे, दोनतीन वेळा ओढून सोडल्यावरही मोकळंच फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर वायर बदलायची. पुढे घरी उभी करताना सपाट पार्किंग असेल तर हँडब्रेक सोडून गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला वीट लावायची, बरेच दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीला हेच बरं. हे अण्णांना सांगताना जपून सांग.

काम झाल्यावर स्वतः एक गोष्ट करून बघ. होटगी रोडला सकाळी लवकर नाहीतर कुठल्याही मोकळ्या सपाट रस्त्यावर थोडं चालवून ये आणि थांबल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात ने. टेकवायचा नाही, नुसती धग बघायची. ब्रेकचं जास्त काम पुढची चाकं करतात म्हणून पुढची गरम लागणं बरोबर आहे. मागचं चाक पुढच्यापेक्षा गरम लागलं किंवा मागच्या दोघांत फार फरक लागला तर अजून कुठेतरी अडकतंय, परत मेकॅनिक.

क्लचचंही थोडं सांगते. गाडी जड लागते म्हणून तू रेस जास्त दिली असशील, सिग्नलला क्लच अर्धा ठेवून ओढली असशील, तर क्लच प्लेटही तापली असेल. चालवताना वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी तेवढी पळत नाही असं वाटलं तर सांग त्याला. नसेल वाटत तर सोडून दे.

आता अण्णा.

मला तुझी भीती कळते. इतक्या वर्षांनी त्यांनी आपणहून किल्ली दिली आणि पहिल्याच फेरीला हे झालं, आता सांगितलं तर परत किल्ली मिळणार नाही, वर सासूबाई, वर नणंदा, चार तोंडी चार गोष्टी. सुनेच्या हातून काही झालं की ते घरात किती वर्षं पुरवून पुरवून बोललं जातं हे मला कुणी वेगळं सांगायला नको. पण बाई, ही गोष्ट भांडं फुटल्यासारखी नाही की तुकडे गोळा करून टाकून दिले आणि गप्प बसलो. त्या गाडीत रविवारी कोण बसणार आहे ते बघ. अण्णा त्यांच्या सवयीने, त्यांच्या विश्वासाने ब्रेक दाबणार. त्यांना माहीत असेल तर ते उतारावर आधीपासून खालच्या गिअरमध्ये घेतील, अंतर ठेवतील, किंवा जाणारच नाहीत. माहीत नसेल तर रोजच्यासारखे जातील. ही माहिती तुझ्याकडे आहे आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग असणार त्याच्याकडे नाही, हे मला पटत नाही. मग त्यांनी रागावायचं ते रागावू देत.

आणि सगळ्यांच्या समोर सांगू नको, जेवताना तर नकोच. सकाळी चहा पेपर चालू असतो तेव्हा एकटे असताना सांग. गोल गोल फिरवून नको, मिस्टरांना फोन करून त्यांच्याकडून वदवून घेणं तर मुळीच नको, ते पुण्यात, त्यांनी फोनवर सांगितलं की अण्णांना वाटणार सूनबाई माझ्याशी बोलत नाही. असं काहीतरी म्हण: "अण्णा, गुरुवारी माझ्याकडून हँडब्रेक पूर्ण खाली झाला नव्हता. वळसंगजवळ मागच्या चाकातून धूर आला, मी लगेच थांबवली, तासभर निवू दिली. येताना ब्रेक थोडा खाली लागत होता. मेकॅनिकला बोलावून मागचे ड्रम उघडून बघूया, तोपर्यंत गाडी काढायला नको. खर्च मी देते." एवढंच. माफी एकदा माग, दहादा नको. खर्चाचं खरंच मनात असेल तरच बोल, बोललीस तर मग दे, ते नको म्हणाले तरी एकदा पैसे पुढे कर.

ते पहिल्यांदा गप्प बसतील किंवा आवाज चढवतील, दोन्हीला तयार राहा. पण जो माणूस गाडीला इतका जपतो त्याला तू धूर, पेडल, ड्रम, ऑइल हे शब्द नीट वापरून सांगितलंस की त्याला कळतं, समोरच्याने गाडीकडे लक्ष दिलंय. मेकॅनिक आल्यावर दोघं शेजारी उभे राहून बघा. मला वाटतं त्या अर्ध्या तासात तुमच्यात जे बोलणं होईल ते इतक्या वर्षांत झालं नसेल. आणि नाही झालं, ते रागावूनच राहिले, तरी तू बरोबर केलंस.

आईची शपथ मात्र लगेच सोडव. त्या बाईने मागे वळून बघितलं म्हणून धूर दिसला, तिने बोलून दाखवलं म्हणून तू थांबलीस, आणि तिलाच तू गप्प बसवलंस. तिला उद्या सासूबाई विचारणार काय हो दर्शन कसं झालं, तर तिने काय सांगायचं? लेकीच्या सासरी खोटं बोलायची वेळ आईवर आणू नको गं.

गाडी सोडायचं म्हणतेस ते तर अजिबात मान्य नाही. मिस्टर पुण्याला, अण्णांचं वय होत चाललंय, घरी दोन लेकरं, रात्रीबेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर रिक्षा शोधत सात रस्ता चौकापर्यंत पळत जाणार आहेस का? तुझ्या घरात गाडी चालवणारं दुसरं माणूस हवंच आहे आणि ते तूच आहेस. भीती बसलीय तर लांबच्या रस्त्याला लगेच जाऊ नको, पण बसायचं थांबवू नको. अण्णांनाच शेजारी बसव आणि आठवडाभर सकाळी जुळे सोलापुरातल्या आतल्या रस्त्यांवर फिर.

आणि निघायची एक पद्धत हाताला लावून घे. आधी ब्रेकवर पाय. मग लिव्हर किंचित वर उचल, उचलल्यावर तिचं बटण पूर्ण दाब आणि दाबलेलंच ठेवून लिव्हर अगदी तळाला टेकेपर्यंत खाली ने. नवीन बायकांचंच नाही, नवीन कुणाचंही इथेच चुकतं, कारण घट्ट ओढलेल्या लिव्हरचं बटण नुसतं दाबायला गेलं की दाबलं जात नाही, अर्धवट दाबलं जातं, लिव्हर दोन दाते खाली येऊन अडकते आणि वाटतं झालं खाली. उचलल्यावर बटण लोण्यासारखं दाबलं जातं. मग डॅशबोर्डकडे बघ, लाल दिवा विझला का. उन्हात तो दिवा दिसत नाही, हाताची सावली करून बघ. नंतर पहिला गिअर, क्लच हळू सोड, आणि गाडी रोजच्या रेसवर निघत नसेल तर रेस वाढवायची नाही, पहिलं खाली लिव्हरकडे बघायचं. बाहेर पडल्यावर मोकळ्या जागी एकदा वीसच्या स्पीडला न्यूट्रल करून सोडून बघ, गाडी आपली आपण वाहत राहिली पाहिजे, कुणी मागून धरल्यासारखी थांबायला लागली तर काहीतरी अडतंय. हे उतारावर नाही करायचं, सपाट रस्त्यावरच.

तुळजापूरचं म्हणशील तर रविवारच्या आत ड्रम उघडून काम झालं, जॅकवर चाक मोकळं फिरलं आणि पेडल पहिल्यासारखं वर लागायला लागलं तर जा खुशाल, येताना घाटात खालचा गिअर ठेवा, सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. काम नाही झालं तर एसटीने जा, सोलापूरहून तुळजापूरला गाड्या भरपूर असतात. आणि मधल्या दिवसांत अण्णा सहज म्हणून गाडी चालू करून बघतील तेव्हा एक लक्ष ठेव: हँडब्रेक पूर्ण खाली असतानाही तो लाल दिवा लागलेलाच राहिला तर बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ ब्रेक ऑइल कमी झालंय असा असतो, म्हणजे कुठून तरी पाझरतंय. तसं दिसलं तर गाडी पार्किंगमधनं एक फूटही हलवायची नाही, किल्ली काढून घ्यायची आणि मेकॅनिकला त्याच दिवशी बोलवायचं.